ढोल परदेशात नेऊन काय मिळतं?

सकाळची पोस्ट: 'सातपुड्याचे ढोल युरोपात नेणं म्हणजे फुकटची सहल. आधी गावातला डीजे बंद करा.'

तापीकाठ: राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी एका पथकाबरोबर जर्मनीला गेलो होतो. कार्यक्रमाआधी लोक विचारत होते, सतार कुठे आहे? भारताचं संगीत म्हणजे सतार, नाहीतर सिनेमातली गाणी. ढोल घुमला, आणि नंतर वादकांना कोणी सोडेना. कातडं शेकून आवाज कसा चढवतात, होळीत सोंग घेऊन नाचणारा बुध्या काय व्रत पाळतो, सगळं विचारलं. पुण्यात आम्हाला हे कोणी विचारत नाही. तिथे खान्देश म्हणजे भरीत आणि अहिराणी कॉमेडी. राजस्थानचे कालबेलिया, साप खेळवणारी जमात, १९८५ मध्ये भारत महोत्सवात अमेरिकेत नाचले, २०१० मध्ये त्यांची गाणी-नाच युनेस्कोच्या वारसा यादीत आले. त्यांना कोण गारुडी म्हणून हिणवेल आता?

साक्रीकर: अजूनही गारुडीच म्हणतात. काळा घागरा, नागासारखी वळणं, तेच तर तिकडे विकलं गेलं. समज मोडला की पक्का झाला? आमच्याकडे पावरी, फुंकून वाजवायचं वाद्य, मार्गशीर्षात आदिवासींच्या डोंगऱ्यादेवापुढे वाजते. ती जूनमध्ये स्टेजवर वाजवायला माझा साफ विरोध आहे.

झोका: देवाचं म्हणता, मग खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचं बोला. श्रावणात आमच्या गल्लीत जागरणाला बायका गाणी म्हणत होत्या, दारात डीजे. आजीचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येईना. वर्गणी कोणी दिली? तुमच्यासारख्या देवभक्तांनीच.

साक्रीकर: मी डीजेला एक रुपया दिलेला नाही. उगाच अंगावर येऊ नका.

बँडवाला: भाऊ, पोट डीजेवर भरस, देवावर नही. वडील सनई वाजवायचे. लग्नात वऱ्हाड उठल्यावर त्यांना मांडवाबाहेर पत्रावळ मिळायची. मी म्हणून साउंड सिस्टिम घेतली. डीजेवाल्याला खुर्ची देतात.

झोका: म्हणून सण बुडवायचा?

बँडवाला: ताई, आधी वाजवणाऱ्याला पंगतीत बसवा, मग सणाचं बोला.

तापीकाठ: तेच सांगतोय! तिकडे वादक आयोजकांच्या टेबलावर जेवले. गावात परतल्यावर सरपंचाने घरी बोलावलं, जो आधी ओळखही देत नव्हता.

सकाळचा पोस्टवाला: पाड्यावरचे वादक जात असतील तर जाऊ द्या, एवढं मान्य. पण मी पाहिलेल्या पथकात निम्मी पोरं शहरातली, मोरपिसांचे टोप भाड्याचे. तुमच्या पथकात पाड्यावरचे किती होते, आणि मानधन कोणाच्या खात्यात गेलं? ते लिहा, मग पुढे बोलू.