अर्जंट: दाजींना नोटीस आलीय, वकील सुचवा (मदत हवी आहे)

गोदाकाठचा_पोरगा
नमस्कार मंडळी. लांबड लावत नाही. आमच्या दाजींना नोटीस आलीय, वाळूची बातमी लावली म्हणून. सोमवारी हजर व्हायचंय. गावातल्या वकिलांना फोन करून बघितले, सगळे "त्या माणसाच्या विरोधात नको रे बाबा" म्हणायलेत. कोणाच्या ओळखीत दमदार वकील असेल तर मेसेजमधून नंबर द्या. प्रश्न विचारत बसू नका, वेळ नाही. ताई रडायलीय.

जुना_वार्ताहर
पोरा, प्रश्न विचारल्याशिवाय कोण काय सांगणार? नोटीस कोणाची? वकिलाची, पोलिसांची का कोर्टाची? तिन्हीला लोक नोटीसच म्हणतात अन् तिन्हीचं औषध वेगळं. दाजी कोणत्या पेपरात? बातमी छापली का नुसती मोबाइलवर फिरवली?

खंडपीठ_जिंदाबाद
काही विचारायची गरज नाही. सरळ संभाजीनगर गाठा, हायकोर्टाच्या खंडपीठात कलम ४८२ चा अर्ज टाका, गुन्हा रद्द. आमच्या मामांचं असंच झालं होतं, एका फटक्यात सुटले.

काळा_कोट
मामांचं २०२४ च्या आधीचं असेल. १ जुलै २०२४ पासून ४८२ चं ५२८ झालंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. आणि रद्द कशाचं करणार? कागद अजून कोणी पाहिलेला नाही. धागाकर्ते, कागदाच्या डोक्यावर काय छापलंय तेवढं टंका.

प्रेसवाला_७७
दाजींकडं प्रेस कार्ड आहे का? नसेल तर मी काढून देतो. गाडीला स्टिकरही मिळतं.

गोदाकाठचा_पोरगा
कार्ड कोणी मागितलं का इथं?
दाजींचं स्वतःचं साप्ताहिक आहे आणि यूट्यूब चॅनेल आहे. रात्री नदीत केनी (वाळू ओढायचं अवजार) लावून उपसा चालू होता, दिवसा हायवा टिप्पर भरून जायलेत. तहसीलचा पंचनामा माहिती अधिकारात काढला आणि तोच स्क्रीनवर दाखवला. खोटं काहीच नाही.
आता ताईकडून फोटो मागवले तर कागद एक नाही, तीन निघाले. एक लातूर जिल्ह्यातल्या कोर्टाचा, त्यावर 'कलम २२३ अन्वये नोटीस'. दुसरा नांदेड जिल्ह्यातला, त्यावर समन्स, कलम ३५६. सोमवारची तारीख ती. तिसरा पोलिसांचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आला, ३५ (३) लिहिलंय, गुन्हा ३०८ (२). दाजी म्हणतात तिन्ही त्याच बातमीचे आहेत. एकच बातमी, तीन जिल्हे. आम्ही तर या दोन्ही गावांना कधी लग्नालासुद्धा गेलेलो नाही.

काळा_कोट
आता बोलता येईल. तुम्ही "नोटीस" म्हणत होतात ते तीन वेगळे प्राणी आहेत.
लातूरचं सगळ्यात हलकं आहे, आणि लोक तेच फुकट घालवतात. खाजगी फिर्याद आली की दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकायचं, हे २२३ मध्ये नव्यानं आलंय. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, समन्स निघाल्यावरच आरोपीला कळायचं. म्हणजे दाजी तिथं अजून आरोपी झालेलेच नाहीत. वकील उभा करून पंचनामा दाखवा आणि सांगा की यात दखल घेण्यासारखं काही नाही. न गेल्यास ती संधी गेली.
नांदेडला ३५६ ची, म्हणजे बदनामीची, प्रोसेस (समन्स) निघालीय. तिथं दोन गोष्टी तपासा. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहतो तेव्हा समन्स काढण्याआधी २२५ प्रमाणे चौकशी बंधनकारक आहे. ती झाली का, हे कोर्टाच्या रोजनाम्यात (तारखेवार नोंदीत) दिसेल. दुसरं, फिर्यादी कोण आहे? बातमीत त्याचं नाव आहे का?
तिसरं खंडणीचं. ते जड आहे. त्यावर नंतर लिहितो, आधी फिर्यादीचं सांगा.

घरकुल_चालू
विषय निघालाच आहे तर, गोदावरीची वाळू सध्या काय ब्रास पडते तिकडं? स्लॅब टाकायचाय.

जुना_वार्ताहर
अरे काय माणूस आहेस तू.

गोदाकाठचा_पोरगा
बातमीत फक्त ठेकेदाराचं नाव होतं. लातूरचा फिर्यादी त्याचा मेहुणा आणि नांदेडचा त्याचा भागीदार, असं दाजी म्हणतात. दोघांचं नाव बातमीत कुठंच नाही. दोघांनीही लिहिलंय की "मी माझ्या गावात मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि मला मानसिक त्रास झाला".

काळा_कोट
मग २२२ वाचा, जुन्या कायद्यातलं १९९. बदनामीची फिर्याद ज्याची बदनामी झाली त्यानंच करायची असते. मेहुण्याला वाईट वाटलं एवढ्यावर दखल घेता येत नाही. हा मुद्दा लातूरला २२३ च्या सुनावणीत आणि नांदेडला रिव्हिजनमध्ये (वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) किंवा खंडपीठात ५२८ खाली चालतो. खंडपीठवाले भाऊ, तुमचं औषध बरोबर होतं, रोगी वेगळा होता.

खंडपीठ_जिंदाबाद
मी काय वेगळं म्हणालो मग? आणि एका बातमीवर तीन ठिकाणी कसं चालतं? अर्णब गोस्वामीचे गुन्हे सुप्रीम कोर्टानं मे २०२० मध्ये एकच ठेवून बाकी रद्द केलेच ना. तालुक्याच्या पत्रकाराला वेगळा कायदा आहे का?

काळा_कोट
कायदा तोच. फरक दिल्लीला रातोरात जाऊ शकणाऱ्या वकिलाच्या फीचा आहे. शिवाय तिथं सगळे पोलिसांचे एफआयआर होते, इथं दोन खाजगी फिर्यादी आणि एक एफआयआर. एकाच राज्यातल्या आहेत म्हणून एकाच कोर्टात वर्ग करायला हायकोर्टाकडं ४४७ आहे. तो अर्ज करा, पण त्याच्या भरवशावर सोमवार चुकवू नका. चुकला की आधी जामीनपात्र वॉरंट, मग बिगरजामीन. समोरच्याला नेमकं तेच हवंय.

सत्यवचनी
राग येईल, पण विचारतो. सगळे पत्रकार धुतल्या तांदळासारखे नसतात. आमच्याकडं एक साप्ताहिकवाला दिवाळीला जाहिरात नाही दिली की पोलखोल सुरू करतो. ३०८ उगाच लागत नाही. दाजींनी पैसे मागितले होते का?

गोदाकाठचा_पोरगा
तोंड सांभाळून. दाजींच्या दारात अजून जुनी स्प्लेंडर उभीय.

पांदीवरची_माय
भाऊ, चिडू नका. प्रश्न कडू आहे, पण पोलीस पहिला हाच विचारणार. पैशाचं काही बोलणं झालं होतं का, फोनवर, मेसेजवर, कुठंही?

गोदाकाठचा_पोरगा
ठेकेदारानंच मेसेज केला होता. "दिवाळी अंकाला पान द्यायचंय, दर पाठवा." दाजींनी नेहमीचं दरपत्रक पाठवलं. त्यानंतर बातमी लागली. फिर्यादीत फक्त दरपत्रकाचा फोटो लावलाय, त्याचा मेसेज कापून.

काळा_कोट
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो! अख्खा खटला यावर फिरतो.
आत्ताच्या आत्ता: मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, नवीन फोनवर व्हॉट्सअ‍ॅप हलवू नका. पूर्ण संभाषण तारीखवार एक्स्पोर्ट करून ठेवा. पुढं ते कोर्टात द्यायला साक्ष अधिनियमाच्या ६३ चं प्रमाणपत्र लागेल, पूर्वीचं ६५ ब. ठेकेदाराचा पहिला मेसेज हाच तुमचा बचाव.
३०८ (२) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दखलपात्र आणि बिगरजामीन. म्हणून जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात अटकपूर्वचा अर्ज टाकून ठेवा. पण घाबरून घर सोडू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको हे सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच सांगितलंय, त्यासाठीच अटकेऐवजी हजर राहायला सांगणारी ही ३५ (३) ची नोटीस असते. व्हॉट्सअ‍ॅपवरची अशी नोटीस ग्राह्य नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तरी "नोटीस मिळालीच नाही" म्हणून बसू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की रीतसर नोटीस द्या, हजर राहतो.

जुना_वार्ताहर
माझा अनुभव सांगतो. मीही एका पुढाऱ्याच्या बदनामीच्या खटल्यात अडकलो होतो. शेवटी अंकात चार ओळी दिलगिरी छापली, त्यानं केस मागं घेतली. घरी चूल पेटली पाहिजे. दाजींना सांग, दिलगिरी छाप आणि मोकळा हो.

पांदीवरची_माय
वार्ताहर काका, तुमचा मान राखून सांगते, हे विष आहे. तुमच्यावर एकच केस होती. इथं दिलगिरी छापली की उद्या तीच कात्रण खंडणीच्या फायलीत लागेल, की बघा, बातमी खोटी होती हे स्वतःच कबूल केलं.

काळा_कोट
माय बरोबर आहेत. बदनामीत फिर्यादीला तडजोड करता येते, खंडणीत ती सोयच नाही. दिलगिरीनं हलकं ओझं उतरेल, जड ओझं दुप्पट होईल.

जुना_वार्ताहर
कायदा तुमचा बरोबर असेल. पण महिन्याला तीन तारखा करून साप्ताहिक कोण काढणार, ते सांगा. बंद पडलं तर ठेकेदार जिंकलाच ना?

पांदीवरची_माय
तेच तर. मी ऊसतोड बायकांच्या मजुरीसाठी तहसीलवर मोर्चा नेला होता, तेव्हा जुनं ३५३ लावलं, सरकारी कामात अडथळा. शिक्षा झाली नाही, खटला उभाच राहिला नाही. पण तारखेला गेलं की साहेब रजेवर, फिर्यादी गैरहजर, साक्षीदाराची बदली. एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज, एवढं झालं की दिवस संपला. मुलीच्या पासपोर्टच्या वेळी पोलीस दारात येऊन माझी फाइल चाळून गेले. बायका मोर्चाला यायच्या बंद झाल्या, त्याचं दुःख जास्त.
म्हणून भाऊ, हजेरीमाफीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, २२८ किंवा ३५५, तुमचे वकील ठरवतील. वकील मिळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० ला फोन लागतो. आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात मानवी हक्क रक्षकांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथं लेखी तक्रार टाकून पोच घ्या. आयोग केस काढून घेत नाही, पण जिल्ह्याकडून अहवाल मागवला की खालची भाषा थोडी बदलते.

खंडपीठ_जिंदाबाद
महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा आहे ना, २०१७ चा? तो लावा की.

काळा_कोट
तो मारहाण आणि तोडफोडीसाठी आहे. तीन वर्षं किंवा पन्नास हजार दंड किंवा दोन्ही, तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडं नाही. कोणी डोकं फोडलं तर उपयोगी. तारखांनी माणूस झिजवला तर त्या कायद्यात ओळ नाही.

इतिहास_वेडा
निजामाच्या राज्यात हेच होतं. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, भारतात विलीन व्हा असं लिहायचे म्हणून. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत त्यांचं नाव कोणी घेत नाही, कारण उर्दू पेपर होता. यावर वेगळा धागा काढू का?

सत्यवचनी
काढा, पण इथून जा. आणि धागाकर्ते, मेसेज कापला असेल तर मी माझा प्रश्न मागं घेतो. त्या साप्ताहिकवाल्याबद्दलचं माझं मत मात्र तेच.

गोदाकाठचा_पोरगा
माफ करा, कामात होतो. विधी सेवाच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथून एक वकीलबाई मिळाल्या, सोमवारी नांदेडच्या बाजूला त्यांच्या ओळखीचे वकील उभे राहतील म्हणाल्या. अटकपूर्वचा अर्ज उद्या. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनापासून आई आधीच धास्तावलेली, ती म्हणायलीय की व्हिडिओ काढून टाका, कटकट मिटेल. काढू का? आणि पोलिसांनी दाजींचा फोन मागितला तर देऊ का? त्यात माहिती देणाऱ्या केनीवरच्या पोरांचे नंबर आहेत.

काळा_कोट
व्हिडिओ काढू नका. पंचनाम्यासकट तोच तुमचा पुरावा, आणि काढला की "घाबरून काढला" असं लिहून येईल. कोर्टानं लेखी आदेश दिला तरच.
फोनचं, तोंडी मागितला तर द्यायचा नाही. जप्तीचा लेखी आदेश आणि पंचनामा मागायचा, त्यात फोनचा आयएमईआय नंबर आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या डेटाचा डिजिटल ठसा, नंतर बदल केला तर कळतो) नोंदवून घ्यायची, आणि प्रत खिशात घालूनच ठाण्यातून निघायचं. पासवर्डचं वकीलबाईंना विचारा, इथं उघड्यावर नको. हा धागा समोरचेही वाचत असणार.

गोदाकाठचा_पोरगा
बरं. मग माझी वरची पोस्ट संपादकांनी लपवावी ही विनंती. त्या पोरांचा उल्लेख आहे तेवढा तरी.