मदत हवी आहे : स्विचच्या प्लेट कुठल्या घ्याव्यात?

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या टू बीएचकेचं वायरिंग नव्याने केलंय. भिंतीत लोखंडी बॉक्स बसले, प्लास्टरही झालं, आता प्लेट आणायच्या आहेत. घोळ असा झालाय की हॉलमधल्या एका बॉक्समध्ये तीन स्विच, एक ६ अँपिअरचं सॉकेट आणि पंख्याचा रेग्युलेटर हवाय. सॉकेटला दोन मॉड्यूल (एक मॉड्यूल म्हणजे एका स्विचची जागा) लागतात हे मी धरलं होतं, पण रेग्युलेटरही दोनचा निघाला. म्हणजे सात झाले, आणि बॉक्स आहे सहाचा! आता भिंत परत फोडायची, की एका मॉड्यूलचा रेग्युलेटर चांगला चालतो?

दुसरं, बायकोला काळ्या चकचकीत प्लेट आवडल्यात. दुकानात मी एकीला बोट लावलं तर ठसा लगेच उमटला. घरात दोन लहान मुलं, त्यामुळे मला तरी साधी पांढरी मॅटच बरी वाटते. पण जुन्या घरातल्या पांढऱ्या प्लेट पिवळ्या पडलेल्या पाहिल्यात, म्हणून धाकधूक आहे. पॉलीकार्बोनेट प्लास्टिकच्या प्लेट वापरणाऱ्यांनी पाच-सात वर्षांनंतरचा अनुभव सांगा ना.

आणि एका कंपनीची प्लेट, दुसरीचे स्विच असं जमतं का? इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्रेममध्ये नीट बसत नाहीत.