पूर ओसरल्यावर मदतीला जाताना: अनुभव धागा

पावसाळा तोंडावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुरानंतरच्या साफसफाईला जे गेले होते, त्यांना इथे लिहायला बोलावलं आहे. अट एकच. आपण किती थकलो ते नको. काय, किती, कशाच्या आधी आणि कुठे फसतं, तेवढं लिहा.

गाळ (चिपळूण बाजारपेठ)

गाळ ओला आहे तोवर फावड्याने सरकतो. दोन-तीन कडक उन्हं लागली की त्याची ढेपळं होतात, मग पहार लागते आणि काम तिप्पट होतं. म्हणून पाणी उतरल्यावर जितक्या लवकर रस्ता खुला होईल तितक्या लवकर पोचा, पण जिथे काम करणार तिथल्या माणसाला फोन करूनच. २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला होता. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने यायचं तर दरडीची चौकशी निघतानाच करा.

दहा जणांच्या टोळीला ४ फावडी, १० घमेली, ४ रबरी वायपर, ४ खराटे, २ पहारी पुरतात. फावडं चौकोनी, सपाट तोंडाचं घ्या. टोकदार फावड्याने फरशीच्या कपच्या उडतात आणि घरमालक तोंडाने काही बोलत नाही. गमबूट प्रत्येकाच्या मापाचे हवेत. सैल बूट चिखलात अडकून राहतो, पाय बाहेर येतो आणि नेमका काचेवर पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी पाणी मारणं. पाण्याने गाळ पातळ होतो, गटारात जाऊन बसतो, गटार तुंबलं की तेच पाणी उंबरा ओलांडून परत घरात. आधी कोरडाच उचला, माळ्यापासून खाली आणि मागच्या खोलीपासून पुढे. शेवटचा बोटभर थर राहिला की मग पाणी आणि वायपर. काढलेला गाळ रस्त्याच्या एकाच कडेला लावा, म्हणजे जेसीबीला उचलता येतो. त्यात प्लास्टिक, भिजलेलं धान्य, औषधं मिसळू नका, त्यांचे ढीग वेगळे.

वरच्यात भर: पंचनामा

फावडं लावण्याआधी घरमालकाला विचारा, पंचनामा झाला का? तलाठी यायचे असतील तर भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, फ्रिज-शिलाई मशीन-धान्याची पोती जागच्या जागी ठेवून फोटो काढा. उत्साहाने घर लख्ख करून दिलं आणि नुकसान दाखवायला काहीच उरलं नाही, हे बऱ्याच ठिकाणी झालंय. कागदपत्रं सापडली तर चिखलासकट बाजूला ठेवा, पुसायला जाऊ नका.

विहीर (महाडकडची गावं)

टँकर चार दिवसांनी बंद होतो, म्हणून गाळानंतरचं पहिलं काम विहिरीचं. कुणालाही आत उतरवू नका. तळाशी कुजलेला पाला आणि मेलेली जनावरं असतात, वायू साठतो आणि माणूस ओरडण्याआधी कोसळतो. उपसा पंपानेच करा. पंपाचा फूटव्हॉल्व (पाणी ओढणारं तळाचं तोंड) बांबूच्या पाटीत बसवून सोडा, नाहीतर दर दहा मिनिटांनी पालापाचोळा काढत बसाल. साध्या पाण्याच्या पंपाने चिखल ओढायला गेलात तर इंपेलर (आतला पंखा) जातो. चिखलपंप भाड्याने घ्या.

नवीन पाणी भरल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशोब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडून हलवा. तासभर थांबा आणि ओटी चाचणी घ्या (पाण्यात क्लोरीन उरलाय का, ते औषधाचे थेंब टाकून बघायचं). पिवळा रंग आला तर ठीक. पूर गेल्यावर पहिल्या वेळी बहुतेकदा येत नाही, कारण गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. मग पुन्हा मात्रा, पुन्हा तासभर. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो. पोतं उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर ती वापरू नका.

वीज

गावात लाइट नाही म्हणून वायर मेली असं समजू नका. शेजारच्या जनरेटरची वीज उलटी वायरीत चढते. मेन स्विच पाडा. बोर्ड बुडाला असेल तर नुसता वाळवून चालत नाही, वायरमनने मेगर (वायरीतून वीज गळते का ते बघायचं यंत्र) लावून ठीक म्हटल्यावरच फ्यूज घाला. जनरेटर पडवीतसुद्धा लावू नका, धूर आत येतो.

मातीची घरं (शिरोळ, पलूस)

नदीकाठच्या गावांत मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर बसतात. पायथा भिजलेला, वरचा भाग वाळून आकसलेला. भिंत फुगलेली असेल, छतापासून सुटलेली असेल किंवा तिरकी भेग बोटभर असेल तर आत शिरूच नका. सामान वाचवायचा आग्रह मालकाचा असतो, नकार तुम्ही द्यायचा. आणि दुकानाच्या तळघरात पाणी असेल तर एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन भिजलेली असते, आतला दाब गेला की भिंत आत येते. फूटभर उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पाणी परत चढलं तर अजून वेळ आहे.

पुस्तकं

२०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही भिजली होती. पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यात बुडवून चिखल धुवा, उघडून घासू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळी वाळवणं शक्य नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात किंवा मासळीच्या शीतगृहात ठेवा, मग महिनाभराने सवडीने वाळवा. उन्हात टाकाल तर पानं वाकडी होतात. गुळगुळीत कागदाची पानं एकदा चिकटून वाळली की गेलीच.

सामान पाठवणाऱ्यांसाठी, थोडक्यात

जुने कपडे नकोत. रस्त्याकडेला त्यांचे ढीग भिजत पडतात आणि तो कचराही तिथल्याच लोकांना उचलावा लागतो. हवं ते असं: नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चटई, चादर, पातेली, स्टोव्ह, मेणबत्त्या, वह्या. पोतं १० किलोच्या वर नको, चिखलातून एकट्याने न्यायचं असतं. आपलं पाणी, जेवण, डिझेल आणि रोख रक्कम घेऊन या. एटीएम बंद असतात.

तब्येत

धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात. गरोदर बायकांनी ती घेऊ नये, इतरांनीही विचारूनच. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नका, तुम्हाला भांडी धुवायला बसवतील. पत्रे, ओंडके उचलताना आधी काठीने हलवा, घोणस आणि मण्यार तिथेच आसरा घेतात. परतल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, पुराच्या चिखलात काम केलंय.