'२४ तासांत कळवा' हे नगरपालिकेला लागू होतं का?

नवा_रुजू: नगरपालिकेच्या आरोग्य विभागात नुकताच लागलोय. प्रशिक्षणात आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ शिकवली आणि साथीसारखी गंभीर घटना २४ तासांत कळवायची असते हे दहादा बजावलं. आमचे साहेब म्हणतात, ते वरच्यांचं काम, आपण आठवड्याचा रुग्णांचा तक्ता पाठवायचा. खरं काय?

फायलीतला_माणूस: साहेबांचं बरोबर आहे. करार देशांमधला. जिनिव्हाला, जागतिक आरोग्य संघटनेला पत्र लिहायला तुम्हाला कोण बसवणार!

साथपाळत: अर्धंच बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेशी बोलतं ते देशाचं राष्ट्रीय संपर्क केंद्र. खबर मिळाली की देशानं ४८ तासांत मूल्यमापन करायचं, घटना कळवण्याजोगी ठरली की पुढचे २४ तास. पण नियमावलीचं परिशिष्ट १ वाचा. त्या काळात, त्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त आजारी किंवा मृत दिसले तर ते हेरणं, लगेच वर कळवणं आणि प्राथमिक उपाय सुरू करणं, हे स्थानिक पातळीवरचंच काम आहे. तिथे तास दिलेले नाहीत, 'तात्काळ' म्हटलंय.

मी साथरोग सर्वेक्षणात वर्षं काढलीत. घोडं अडतं ते 'लॅबचा रिपोर्ट येऊ द्या' इथे. २४ जानेवारी २०१४ ला आफ्रिकेत गिनीतल्या मेलिआंदू गावच्या आरोग्य केंद्रप्रमुखानं जिल्ह्याला कळवलं होतं की जुलाब होऊन पाच जण झपाट्यानं दगावले. त्यानं आपलं काम चोख केलं. जिल्ह्याच्या पथकाला लक्षणं कॉलऱ्याची वाटली. इबोलाचं निदान व्हायला मार्च उजाडला.

नवा_रुजू: पण तक्त्यात 'वेगळं काहीतरी' असा रकानाच नाही.

साथपाळत: म्हणून तर वर फोन करायचा. परिशिष्ट २ मध्ये चार प्रश्न आहेत: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, सीमेपार पसरेल का, प्रवास-व्यापारावर निर्बंध येतील का. दोन 'हो' आले की देशानं कळवायचं. शेवटचे दोन तुम्ही सोडवू नका. पहिल्या दोनांचं उत्तर मात्र वॉर्डात फिरणाऱ्यालाच आधी कळतं. देवी, वाइल्ड पोलिओ, सार्स आणि माणसातला नव्या उपप्रकाराचा इन्फ्लुएंझा यांना हे प्रश्नही नाहीत, एक रुग्णही पुरे. त्यामुळे नुसता संशय आला तरी तक्त्याची वाट बघू नका.

किती जण, कोणत्या वयाचे, कुठे, कधीपासून, मृत्यू किती, नमुने घेतले का, एवढं हाताशी ठेवा. फोन साहेबांनाच करू द्या. फक्त वेळ आणि पलीकडे कोणी उचलला ते वहीत लिहून त्यांची सही घ्या.