शब्दचर्चा : ‘अंधुक’ चित्र की मंद उजेडातले चित्र?

प्रश्न : अंधाऱ्या खोलीत काढलेल्या कुत्र्याच्या छायाचित्रावरून मी तैलरंगात चित्र करीत आहे. त्याला ‘अंधुक, वास्तववादी प्राणिचित्राची नक्कल’ म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर : सर्वांत आधी ‘अंधुक’ काढावा. ‘मंद’ हे उजेडाचे विशेषण आहे. ‘अंधुक’ उजेडालाही लावतात, पण चित्राला लावला की तो दिसण्याविषयीच बोलतो. त्यामुळे अंधुक चित्र म्हणजे विटलेले किंवा नीट न दिसणारे चित्र, असाच अर्थ घेतला जाईल. तुमच्या चित्रात तर नाकाच्या शेंड्यावरचा ओलसर ठिपका आणि डोळ्यातली चमक लख्ख उमटायला हवी, कारण त्यांच्यामुळेच भोवतालचा काळोख गडद वाटतो. स्पॅनिश चित्रकार थुरबारान याने १६३५ ते १६४० च्या सुमारास रंगवलेले, पाय बांधलेल्या कोकराचे तैलचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्याची पार्श्वभूमी जवळजवळ काळी आहे, पण लोकरीचा पोत हाताला लागेल इतका स्पष्ट आहे. त्याला अंधुक कोण म्हणेल? सावलीत विरत जाणारी पाठीची कड मात्र खुशाल अंधुक म्हणावी.

‘वास्तववाद’ ही एकोणिसाव्या शतकातली, कूर्बेसारख्या चित्रकारांची चळवळ असल्याने येथे ‘यथार्थदर्शी’ किंवा साधा ‘हुबेहूब’ बरा. ‘नक्कल’ही नको. दुसऱ्याचे तैलचित्र तैलरंगातच पुन्हा केले, तर ती प्रतिकृती. येथे माध्यमच बदलत असल्याने ‘छायाचित्रावरून केलेले तैलचित्र’ एवढे पुरे.

‘प्राणिचित्र’ चुकीचे नाही, पण त्यातून जातीचे चित्र सूचित होते, जसे कोशात असते. हाच एक कुत्रा, त्याच्या दुमडलेल्या कानासह, दाखवायचा असेल, तर मी ‘व्यक्तिचित्र’ म्हणेन. आजच्या मराठीत ‘व्यक्ती’ म्हणजे माणूस हे खरे. पण संस्कृतात या शब्दाच्या मुळाशी ‘प्रकट होणे’ हा अर्थ आहे, आणि तो कुत्र्यालाही लागू पडतो.

प्रश्न : ग्लेझिंगला ‘झिलई’ म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. झिलई म्हणजे वरची चकाकी. ग्लेझिंग म्हणजे वाळलेल्या रंगावर तेलात पातळ केलेल्या रंगाचा पारदर्शक थर, ज्यातून खालचा रंग दिसत राहतो. गडद भागांत तर पुष्कळदा खालचा थर तेल शोषून घेतो आणि काळोख निस्तेज, राखाडी दिसू लागतो. म्हणजे ग्लेझिंग झाले, पण झिलई आलीच नाही. ‘पारदर्शक लेप’ हा शब्द मला पटतो.