अनुभव धागा: घरातल्या देवभक्त माणसानं समलिंगी मुलाला, मुलीला आपलं म्हटलं, ते कशानं?

सातारा-सांगलीकडं माळकरी, पोथी वाचणारी, उपासतापास करणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यातलं कुणी बदललं असेल तर नेमकं कशानं, ते लिहा. नावं नकोत. सुरुवात मी करते.

आमचे अण्णा फलटण तालुक्यातले, माऊलींच्या पालखीबरोबर चालणारे. धाकट्या भावानं स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, जेवण सोडलं. मग म्हणाले, "घरात असं असंल तर मी माळ उतरवून ठेवतो." माळकऱ्यानं असं म्हणणं म्हणजे काय, हे इथं सांगायला नको. दिंडीतले जुने विणेकरी ओसरीवर येऊन बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माळ तुझ्या गळ्यात हाय. तुझा नेम तू सांभाळ. पोराचा हिशोब तुझ्याकडं कुणी मागितलाय?"

त्या दिवशी अण्णांचं मत फिरलं असं नाही, पण भावाशी बोलणं सुरू झालं. पुढं माझ्या लग्नात भावाचा जोडीदार पुण्याहून आला. मानपानाच्या वेळी अण्णांनी त्याला हाक मारून मामांच्या शेजारी उभं केलं, फेटा बांधायला लावला, टॉवेल-टोपीचा आहेर केला. भावकीतल्या एकानं विचारलं, हे कोण पाहुणं? "आमच्या घरचंच हाय," अण्णा म्हणाले. माझ्या मते त्यांना धर्म कधी आडवा आलाच नव्हता. आडवी होती ती भावकी.

कृष्णाकाठ (सांगली): काका सहकारी बँकेतून निवृत्त. रोज संध्या, चतुर्थीला गणपती मंदिर. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमातून, म्हणजे गुन्ह्यातून, वगळले, तेव्हा "कायदा काही म्हणो, शास्त्रात बसत नाही" म्हणाले होते. २०२३ मध्ये कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा मात्र त्यांनीच मला विचारलं, "मग तुझ्यामागं तुझ्या जोडीदाराला काय?" ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. काका फॉर्म घेऊनच घरी आले. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मृत्युपत्रही कर, असं बजावून गेले. शास्त्राबद्दलचं त्यांचं मत अजून तेच आहे. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.

विट्याची: आमच्याकडं अजून जमलेलं नाही. माझं लग्न व्हावं म्हणून आई औदुंबरला नवस बोलून आलीय. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, हा आजार नाही. ते तिला पटलं. पण "लोकांना काय सांगू?" इथं गाडी अडते. तिच्या वयाची, देवाधर्माची बाई बोलली तर ती ऐकेल. आहे का कुणी?

धागाकर्ती: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझी आई बोलेल. फोन दुपारनंतर करा, सकाळी ती ज्ञानेश्वरी वाचत असते.