मदत हवी आहे: रेडिओ स्पर्धेत क्लबच्या नवख्या सभासदांना माइकवर कधी बसवावे?

नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली परिसरातले आम्ही सात हॅम (हौशी रेडिओ चालवणारे) गेली तीन वर्षे एका लहानशा क्लबच्या कॉलसाइनवर (रेडिओवरच्या ओळखचिन्हावर) सीक्यू वर्ल्ड वाइड या जगभरच्या स्टेशनांशी संपर्क साधण्याच्या स्पर्धेच्या एसएसबी, म्हणजे बोलून संपर्क करण्याच्या, विभागात उतरत आहोत. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती असते; शनिवारी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) शून्य वाजता, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, ती सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत सलग ४८ तास चालते. रिग (रेडिओसंच) एकच, १०० वॅटचा, त्यामुळे आमची नोंद अनेक ऑपरेटर आणि एक ट्रान्समीटर या गटात होते.

अँटेनाचे रडगाणे येथे गाणार नाही, कारण ते बऱ्यापैकी सुटले आहे. २० मीटर बँडचा साधारण दहा मीटर लांबीचा डायपोल (तारेची अँटेना) आम्ही दोन माडांमध्ये ताणतो. दोरी बांधायला पाडेली (माडावरून नारळ काढणारा) येतो आणि एवढ्या उंचीवर नारळ सोडून तार कशाला, असे दर वर्षी विचारतो. पहिल्या वर्षी दोन्ही टोके घट्ट बांधली होती, वाऱ्यात माड डोलले आणि तार तुटली. आता एका टोकाला कप्पी आणि तिच्यावरून खाली सोडलेले वजन असते, त्यामुळे माड हलले तरी ताण वाढत नाही.

खरी अडचण माणसांची आहे. आमच्यातले दोघे ज्येष्ठ सभासद अनुभवी आहेत. या स्पर्धेत जगाचे झोन पाडलेले असतात आणि प्रत्येक संपर्कात आपला झोन सांगायचा असतो. आपल्या झोन २२ मधले स्टेशन युरोपातल्या स्पर्धकांना मल्टिप्लायर (एकूण गुण वाढवणारा नवा झोन किंवा देश) म्हणून हवे असते, त्यामुळे दुपारनंतर १५ मीटरवर आम्ही सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) दिला की एका वेळी दहा-बारा जण तुटून पडतात. असा पाइलअप हे दोघे सहज हाताळतात, म्हणून सगळे चांगले तास त्यांच्याकडेच जातात. उरलेले पाच जण चहा करतात, जनरेटरमध्ये पेट्रोल घालतात आणि रात्री दोन ते चार या वेळेत, बँड जवळपास मेलेला असताना, त्यांना खुर्ची मिळते. गेल्या वेळी दोन मुलांनी पुढच्या वर्षी येणार नाही असे सांगितले, आणि मला त्यांचे काही चुकले असे वाटत नाही.

मात्र ज्येष्ठांचे म्हणणेही खोटे नाही. गेल्या वर्षी मी हट्टाने शनिवारची संध्याकाळ नवख्यांना दिली. आम्ही ४१२ संपर्कांचा लॉग पाठवला. तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यातले ४१ बाद झाले होते, आणि त्यांतले बहुतेक त्याच चार तासांतले होते. काही ठिकाणी कॉलसाइनच्या शेवटी एफच्या जागी एस लिहिला गेला होता. काही ठिकाणी झोन चुकला होता: लॉगिंग सॉफ्टवेअर कॉलसाइनवरून झोनचा अंदाज आधीच भरून ठेवते आणि आमच्या मुलांनी तो तसाच ठेवला. अमेरिकेत माणूस कॉलसाइन न बदलता एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर राहायला जाऊ शकतो. समोरचा स्पष्टपणे ‘पाच’ म्हणत होता आणि पडद्यावर तीन तसेच राहिले. चुकीच्या कॉलसाइनला संपर्काचे गुण तर जातातच, वर दंडही बसतो, म्हणून ज्येष्ठांचा राग मी समजू शकतो.

ज्या क्लबांनी ही ओढाताण पाहिली आहे, त्यांनी पाळ्या कशा लावल्या आणि नवख्यांना तयार करण्यासाठी स्पर्धेआधी काय करून घेतले, हे कृपया सविस्तर सांगावे. ‘सगळ्यांना समान वेळ द्या’ हा सल्ला मी स्वतःच देऊन पाहिला आहे.

प्रतिसाद:

आपण मुलांना थेट पाइलअपमध्ये बसवलेत, तेथे गडबड झाली. सीक्यू देणाऱ्याला अनोळखी कॉलसाइन एकदाच, तेही गोंगाटात ऐकू येते. उलट बँडवर फिरत दुसऱ्यांचे सीक्यू शोधले, तर तेच कॉलसाइन चार वेळा ऐकून, लिहून, खात्री करून मग हाक मारता येते. रविवारी दुपारी असे फिरण्याचे काम नवख्यांना द्या. तोवर ज्येष्ठांनी सीक्यू देऊन सहज मिळणारे बरेचसे संपर्क उरकलेले असतात आणि नवे मल्टिप्लायर शोधूनच काढावे लागतात. म्हणजे ते काम दुय्यम राहत नाही. क्लस्टरवर (कोण कुठे ऐकू येते त्याच्या इंटरनेटवरच्या यादीत) दिसलेले कॉलसाइन कानाने ऐकल्याशिवाय लॉगमध्ये घालायचे नाही, एवढी अट मात्र ठेवा.

संध्याकाळच्या गर्दीत एका रिगला दोन हेडफोन लावा. ज्येष्ठ बोलतील आणि नवखा शेजारी बसून टाइप करील. झोन ऐकल्यावरच खात्री करून एंटर दाबायचे. दोघांना वेगळे ऐकू आले तर पुन्हा विचारायचे. त्यात पाच सेकंद जातात, पण दंड वाचतो. तासाभराने जागा बदलायच्या. मूल माइकवर आणि ज्येष्ठ कीबोर्डवर, हे ज्येष्ठांना पचायला थोडे जड जाते, पण आमच्याकडे याचा फार उपयोग झाला. रिस्ट्रिक्टेड (कमी पॉवरची मुभा देणाऱ्या) परवान्याचा सभासद बोलत असेल तेव्हा पॉवर त्याच्या मर्यादेत उतरवायला विसरू नका.

सरावासाठी ऑक्टोबरची वाट पाहू नका. जुलैच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी आयएआरयूची (हौशी रेडिओच्या जागतिक संघटनेची) एचएफ स्पर्धा असते, फक्त २४ तासांची. तेथे बहुतेक स्टेशने आयटीयू झोन (वेगळ्या पद्धतीने पाडलेले झोन) देतात आणि आपला झोन ४१ आहे, हे मुलांना आधी बजावा, नाहीतर सवयीने २२ सांगतील. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो. वीज कडाडू लागली की कोॲक्स (अँटेनाची केबल) काढून खोलीबाहेर ठेवायची, मग समोर कितीही दुर्मीळ स्टेशन असो.

आणखी एक. बाद झालेल्या ४१ पैकी किती संपर्क ‘समोरच्याच्या लॉगमध्ये नाहीत’ या कारणाने गेले, ते पाहिलेत का?

मूळ प्रश्नकर्ता:

आत्ताच अहवाल उघडून मोजले: १७. त्यांतले ११ त्या संध्याकाळचे नाहीत, तर आमच्या सर्वांत अनुभवी सभासदांच्या पाळीतले आहेत. घाईत ते आमचा कॉलसाइन प्रत्येक संपर्कानंतर सांगत नाहीत, तीन-चार संपर्कांनंतर एकदा सांगतात. समोरच्यांनी काय लिहून घेतले असेल कोण जाणे. येत्या रविवारी हा अहवाल छापून बैठकीला नेतो. दोन हेडफोनांची सूचना त्यांच्यासमोर कोणी मांडायची, एवढेच ठरायचे आहे.